गोदाक्कांच्या खानावळीतली पोरं

ज्या घरात माणसं जास्त आणि ताटं कमी, त्या घरात किस्से फार साठतात. गोदाक्कांच्या घरात तर इतके साठले की आम्ही तिथं वाढलेल्या बायका आता चाळिशी ओलांडून बसलो, तरी कुठल्या लग्नात भेटलो की मांडव मोकळा होतो आणि आमचं संपत नाही. एक म्हणते, "अगं, ते मेथीचं सांग!" दुसरी म्हणते, "आधी चोराचं!" प्रत्येकीचं सांगणं थोडं वेगळं. मेथीच्या दोन जुड्या होत्या, त्यांची आता टोपली झाली आहे. मी आपलं जेवढं आठवतं तेवढंच सांगते.

आधी गोदाक्का कोण ते सांगायला हवं. त्या मूळच्या झरीच्या. मानमोडीच्या तापात आई-बाप दोघंही गेले, तेव्हा त्या पाच-सहा वर्षांच्या होत्या. मग गावातल्या घरांनी त्यांना वाढवलं. वाढवलं म्हणजे कसं, तर एका घरात बाळंतीण असली की तिचं पोर सांभाळायला तिथं. ती कामाला लागली की दुसरीकडं. प्रत्येक घरानं आपल्या सोयीनं नाव ठेवलं. एका घरात आधीच एक गोदावरी होती, म्हणून ह्या "धाकली". दुसऱ्या घरात नुसतं "ए पोरी". त्यातल्या त्यात सुखाचे दिवस अम्माबींच्या घरचे. अम्माबी म्हणजे गावातल्या पिंजाऱ्याची बायको. त्या ह्यांना "गुलाब" म्हणायच्या आणि स्वतःच्या मुलीच्या आधी ह्यांची वेणी घालायच्या. आक्कांच्या तोंडात दखनी उर्दू बसली ती तिथंच.

पुढं लग्न झालं ते परभणी स्टेशनात रुळांचे सांधे बदलणाऱ्या एका सांधेवाल्याशी. तो लवकर गेला. स्टेशनच्या मागं तीन खोल्यांचं घर राहिलं. आक्कांनी तिथं खानावळ घातली. रेल्वेची माणसं, कचेरीतले कारकून जेवायला यायचे. आणि हळूहळू त्या घरात पोरं जमत गेली. कुणाला आई नाही, कुणाला बाप नाही, कुणाला दोन्ही असून घर नाही.

नवं पोर आलं की आक्का जात विचारत नसत, गाव विचारत नसत. पहिला प्रश्न एकच, "तुला काय म्हनून हाक मारू?"

एक शेंबडं पोरगं छाती काढून म्हणालं, "साहेब!"

झालं. तो साहेब! "साहेब, चुलीतली राख काढा!" असं आक्का आतून ओरडल्या की पंगतीतले कारकून दचकून एकमेकांकडं बघायचे.

०

मी सुभद्रा. मला तिथं माझ्या चुलत्यानंच आणून सोडलं होतं. किसनतात्या माझे सख्खे चुलते, वडिलांच्या पाठचे. आई-वडील गेल्यावर मी त्यांच्याकडं होते. माणूस वाईट नव्हता, पण काकूचं आणि माझं पटेना, आणि तात्यांना रोजची कटकट नको होती. कुणीतरी आक्कांचं नाव सांगितलं. तात्यांनी मला गाडीत घातलं आणि परभणीला आणलं. "शाळा हाय म्हनं हितं. शिकू द्या हिला चार अक्षरं," एवढं म्हणून ते वळले सुद्धा.

दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. मी शाळेत रमले. आणि एके दिवशी तात्या दारात! ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सुभे, स्थळ आलंय सेलूकडचं. दुसरपणाचं हाय, पन घरी दुभतं लय. सुगी झाली की न्यायला येतो."

मी बारा वर्षांची होते. मला शाळा सोडायची नव्हती. पण हे तात्यांना सांगायचं कसं, आणि सांगितलं तर ऐकणार कोण? तात्या गेल्यावर मी आक्कांना विचारलं, "आक्का, तुमी मला जाऊ देणार?"

मला वाटलं होतं, त्या पोटाशी धरून "न्हाई गं बाई" म्हणतील. त्या ज्वारी पाखडत होत्या. म्हणाल्या, "मी कोन जाऊ देनारी? तू काय म्हनशील त्याच्यासाठी मी भांडीन. ऱ्हायचं म्हनलीस तर ऱ्हायसाठी. तात्यासंगं जायचं म्हनलीस तर जायसाठी. पन म्हनायचं तू."

मला त्यांचा इतका राग आला! दोन दिवस मी बोलले नाही. त्यांनीही बोलावलं नाही. मात्र भाकरी रोजच्यापेक्षा मोठी वाढली.

पुढचे किस्से त्या सुगीपर्यंतचे आहेत. ते घडत होते, मी हसत होते, आणि लक्ष सगळं शेतांकडं होतं: ज्वारी निसवायला, कणसं धरायला लागली होती.

०

दुसऱ्याच्या घरात वाढलेलं पोर पुन्हा मागत नाही. पहिल्यांदा जे पानात पडेल ते खातं आणि "पोट भरलं" म्हणून उठतं. आक्कांनी हे झरीत वर्षानुवर्षं केलं होतं. म्हणून त्यांच्या घरात नियम होता: पंगतीतून उठायच्या आधी प्रत्येकानं एकदा तरी "आणखी वाढा" म्हणायचंच. भूक असो नसो. चतकोर घ्या, चिमूटभर घ्या, पण मागा!

मी पहिल्या दिवशी पुटपुटले, तर आक्का म्हणाल्या, "भिंतीला मागायलीस का मला?"

तर मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, एका आडत्याच्या मुलाचं लग्न होतं. त्यानं मोठ्या मनानं आक्कांच्या सगळ्या पोरांना जेवायला बोलावलं. आम्ही धुतलेले कपडे घालून ओळीनं बसलो. आमच्यात लिंबाजी म्हणून एक मुलगा होता. नवाच आलेला, आणि नियमांना फार भ्यायचा. त्याला वाटलं, मागायचं विसरलो तर उठता येणार नाही. म्हणून वाढपी पहिल्यांदा मीठ घेऊन आला आणि चिमटीभर मीठ टाकून पुढं निघाला, तोच लिंबाजी ओरडला, "आणखी वाढा!"

त्याचं ऐकून शेजारचा ओरडला, "आणखी वाढा!" मग काय, सबंध ओळ! वाढपी भांबावून मागं फिरला आणि पुन्हा मीठ वाढत गेला. सगळ्यांच्या पानात मिठाचे ढीग!

आडत्याची बायको धावत आली. आक्कांच्या कानाशी लागून म्हणाली, "आक्का, तुमच्या लेकरांना मीठ लय आवडतं वाटतं?"

आक्का म्हणाल्या, "न्हाई बाई. मागायला आवडतं."

०

हा लिंबाजी आमच्याकडं कसा आला तोही किस्साच आहे.

बाजारात एका कापडवाल्यानं त्याला ठेवून घेतला होता. दूरच्या नात्यातलं पोर. कापडवाला चारचौघांत सांगायचा, "पोरकं लेकरू हाय. मी याला पोटच्या लेकरासारखं ठिवलंय." लोक मान डोलवायचे. पोर दिवसभर ठाण उचलायचं, दुकान झाडायचं आणि पायरीवर झोपायचं.

आक्का एकदा पातळ घ्यायला त्या दुकानात गेल्या. मी बरोबर होते. कापडवाल्यानं पातळाबरोबर आपलं पुण्यही उलगडून दाखवलं. "पोटच्या लेकरासारखं बरं का, आक्का!"

आक्का पातळाचा पोत बघत म्हणाल्या, "तुमची पोटची लेकरं कुठं हायत?"

"शाळेत गेलीत."

"आन् हा?"

"हा... दुकानात."

"मग कुठंतरी चुकायलंय," आक्का शांतपणे म्हणाल्या. "एकतर याला तरी शाळेत धाडा, न्हाईतर त्यांना तरी पायरीवर झोपवा. लेकरं सारखी पायजेत."

दुकानात गिऱ्हाइकं होती. ती हसली. कापडवाला लाजेनं म्हणा, रागानं म्हणा, बोलून गेला, "धाडतो की! उद्यापास्नं धाडतो!"

आणि खरंच दुसऱ्या दिवशी त्यानं लिंबाजीला शाळेत धाडलं. पण त्याच संध्याकाळी त्याचा थोरला मुलगा आक्कांच्या दारात रडत उभा! "आक्का, तुमी आमच्या बाबाला सांगा ना. मला शाळा नको. मला दुकानात बसवा, मी पायरीवर झोपतो!"

आक्कांनी त्यालाही आत घेतलं, भाकरी वाढली, आणि दुसऱ्या दिवशी कापडवाल्याकडं गेल्या. येताना लिंबाजीला कायमचं घेऊन आल्या. थोरल्याला कापडवाल्यानं दुकानात बसवलं. पुढं त्यानं ते दुकान दुप्पट वाढवलं, आणि दर दिवाळीला आमच्याकडं एक ठाण न चुकता यायचं. कापडवाल्याकडून नव्हे. थोरल्याकडून!

०

आता मेथी.

आमचा मुलुख तेव्हा संस्थानात, म्हणून शाळा उर्दूतून. घरी मराठी बोलायचं आणि शाळेत भूगोल उर्दूतून घोकायचा. ते आम्ही निभावलं. पण मुलांच्या शाळेत एक मास्तर आले, त्यांना आमच्या घरातली मुलं डोळ्यांपुढं नको असायची. "खानावळीची पोरं मागं बसतील," असा त्यांनी हुकूम काढला. मागं म्हणजे भिंतीला टेकून, जिथून फळा दिसत नाही. लिंबाजी, साहेब, सगळे मागं.

मुलं घरी येऊन काही बोलली नाहीत. सवयच नव्हती. पण आक्कांनी साहेबाला विचारलं, "आज काय शिकवलं?" तर तो म्हणाला, "ऐकू आलं तेवढं सांगतो."

दुसऱ्या दिवशी आक्का शाळेत गेल्या. हेडमास्तरांना भेटल्या नाहीत, भांडल्या नाहीत. सरळ वर्गात शिरल्या आणि मागच्या भिंतीशी आपल्या पोरांच्या रांगेत जाऊन बसल्या. पदरात मेथीच्या दोन जुड्या. मास्तर शिकवायला लागले, आक्का मेथी निवडायला लागल्या.

"बाई, तुमचं काय काम आहे इथं?"

"काई न्हाई, मास्तर. फळा कुठवर दिसतो ते बघायलीय. तुमी शिकवा."

दिवसभर बसल्या. वर्गभर मेथीचा वास. दुसऱ्या दिवशी तुरीची डाळ घेऊन आल्या. सुपात डाळ घोळायचा आवाज कसा असतो ते माहीत आहेच. मास्तर एक वाक्य बोलायचे की मागून खस्स! मुलं तोंडावर हात धरून हसायची. तिसऱ्या दिवशी आक्का वर्गाच्या दारात आल्या, तर त्यांच्या काखेला पाटा आणि हातात वरवंटा!

मास्तर उठून उभे राहिले. म्हणाले, "आक्का, हात जोडतो. मुलं पुढं बसवतो. मसाला तेवढा घरी वाटा!"

मुलं पुढं बसली. आणि गंमत म्हणजे त्याच मास्तरांची बायको माहेरी गेली की मास्तर आमच्याकडं जेवायला यायचे. आक्का त्यांना पहिल्या पानावर बसवायच्या. साहेब वाढायला असायचा. "आणखी वाढा" म्हटल्याशिवाय तो त्यांना उठू द्यायचा नाही.

०

परभणी म्हणजे जंक्शन. चुकलेली, पळालेली, सोडून दिलेली पोरं स्टेशनात सापडायची. तिथले जमादार त्यांना आमच्याकडं आणायचे. भला माणूस, पण बोलण्याची पद्धत पोलिसी. दारातून ओरडायचे, "आक्का, पार्सल आलंय!"

आक्का एकदा बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जमादारसाब, मी झरीत लय घरांत पार्सल म्हनून ऱ्हायले. हितं पाहुना म्हना. न्हाईतर लेकरू तिथंच ठिवा आन् जावा."

जमादार वरमले. तेव्हापासून दारात येऊन टोपी सारखी करून म्हणायचे, "आक्का, पाहुणे आलेत." आणि आम्ही पोरं लगेच पाट मांडायचो, पाणी द्यायचो. पाहुण्याचा थाट!

एकदा दुपारच्या उन्हात जमादार दारात थांबले. बरोबर एक उंच, मिशावाला माणूस. जमादार काही बोलायच्या आत आमच्यातली धाकटी रखमा ओरडली, "पाहुणे आले!"

पाट मांडला. पाणी दिलं. ताट वाढलं. जमादार "अरे, अरे" म्हणत राहिले, पण मिशावाला गपकन पाटावर बसला. तेव्हा आम्हाला दिसलं, त्याच्या कमरेला दोरी आणि दोरीचं टोक जमादारांच्या हातात! गाडीत खिसा कापताना धरलेला चोर होता तो. जमादार नुसते पाणी प्यायला थांबले होते.

आक्का बाहेर आल्या. चोराकडं बघितलं, दोरीकडं बघितलं. म्हणाल्या, "जमादारसाब, पाहुना बसलाय. आता उठवू नका. तुमी पन बसा."

"मी कसा बसू? दोरी कुठं बांधू?"

"कशाला बांधता? भाजी चांगली झालीया, कुठं जात न्हाई तो."

दोघं शेजारी शेजारी जेवले. चोर उठायला लागला, तर रखमानं त्याला अडवलं. "आणखी वाढा म्हना आधी!"

चोर म्हणाला. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा जमादार वैतागून बोलले, "अरे, ठाण्यात जायचंय आपल्याला!"

तर चोर तोंड पुसत काय म्हणतो, "जमादारसाब, तुमी पुढं व्हा. मी आलो!"

०

आणि सुगी झाली.

तात्या बैलगाडी घेऊन आले. गाडीत नवं गाठोडं, त्यात माझ्यासाठी लुगडं. मी आतल्या खोलीत पुस्तक धरून बसले होते, पण अक्षर दिसत नव्हतं.

आक्का म्हणाल्या, "सुभे, बाहीर ये. काय ते तुझ्या तोंडानं सांग."

मी बाहेर आले. तात्यांच्या पायाकडं बघत म्हणाले, "तात्या, मला शाळा शिकायचीय."

तात्यांनी आधी गाडीतल्या गाठोड्याकडं बघितलं. मग आक्कांवर उसळले, "तुमी फूस दिली हिला! तुमी हिच्या कोन? मी रक्ताचा चुलता हाय. मी कचेरीत जाईन!"

"जावा," आक्का म्हणाल्या. "मी बी येते. जेवून जावा मात्र."

तात्या जेवले नाहीत. गाडी जुंपली आणि गेले. महिन्याभरात मुन्सिफाच्या, म्हणजे खालच्या न्यायाधीशाच्या, कचेरीतून बोलावणं आलं. सोयरिकीच्या लोकांनी तात्यांना वकील करून दिला होता. दावा असा, की चुलत्याच्या ताब्यातली मुलगी एका परक्या बाईनं अडवून ठेवली आहे, ती परत मिळावी.

आमच्या खानावळीत जेवणारे पेशकार, म्हणजे मुन्सिफापुढं कागद ठेवणारे कारकून, ते आक्कांना हळूच म्हणाले, "आक्का, कायदा त्यांच्या बाजूला आहे. मुलीला काय बोलायचं ते चांगलं पाठ करून घ्या."

आक्कांनी ठाम मान हलवली. "पाठ केलेलं तिचं नसतं, पेशकारसाब. माझं व्हतं."

मी तेव्हा भीतीनं अर्धी झाले होते. निदान दोन वाक्यं तरी पढवा की! पण नाही.

०

पेशीच्या दिवशी आम्ही सकाळीच कचेरीत जाऊन बसलो. बाकाच्या एका टोकाला आक्का आणि मी, दुसऱ्या टोकाला तात्या. आमचा नंबर काही येईना. चपराशी एकेक नाव पुकारायचा, एकेक वकील उभा राहायचा आणि म्हणायचा, "हुजूर, गवाह आजारी आहे, मोहलत मिळावी." मुन्सिफ म्हणायचे, "मंजूर." पुढची तारीख. दुसरा उभा राहायचा. "हुजूर, कागद आले नाहीत, मोहलत मिळावी." मंजूर! तिसऱ्याच्या पक्षकाराकडं लग्न होतं. मंजूर! तात्यांच्या वकिलांची त्या दिवशी आणखी एक केस होती. त्यांच्या साक्षीदाराच्या पोटात दुखत होतं. मंजूर!

दुपारी तात्यांनी फडकं सोडलं. भाकरीवर ठेचा घेतला. एकदा माझ्याकडं बघितलं आणि अर्धी भाकरी बाकावरून सरकवली. मी आक्कांकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "घे की. तात्याच हायत तुझे."

मग पुकारा झाला.

वकिलांनी भराभर सगळं सांगितलं. रक्ताचं नातं, परकी बाई, मुलीचं हित. मुन्सिफांनी चष्म्यावरून आक्कांकडं पाहिलं. "बाई, आप लडकी की कौन?"

"कुनी न्हाई, हुजूर."

"मग इथं कशाला उभ्या आहात?"

"हिचे जे लागतात ते सगळे त्या बाजूला उभे हायत. ह्या बाजूला बी कुनी तरी पायजे, म्हनून आले."

"मग बोला, काय म्हणणं आहे?"

"आधी ती बोलंल. तिचं ऐकलं की मी बोलते."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मुन्सिफ म्हणाले, "बोलो बेटी. कुठं राहायचं तुला?" मी गप्प. वकील हसले आणि म्हणाले, "पाहा हुजूर, मुलीला काही म्हणायचंच नाही." आक्का ढिम्म उभ्या. त्यांनी मला कोपरानंही ढोसलं नाही. वरचा पंखा ओढणारा सुद्धा थांबला होता.

आणि माझ्या तोंडून निघालं, "हुजूर... मोहलत मिळावी."

कचेरीत हशा उसळला! मुन्सिफांनी हात वर केला. "मोहलत? किस लिए?"

"परीक्षा आहे."

वकील ताडकन म्हणाले, "हुजूर, हे काय कारण झालं?"

मुन्सिफ म्हणाले, "वकीलसाहेब, सकाळी तुमच्या गवाहाचं पोट दुखत होतं, ते मी मानलं. ही तर परीक्षा आहे. मंजूर! तोवर मुलगी आहे तिथं राहील." मग आक्कांकडं वळून म्हणाले, "हे तुम्ही शिकवलं?"

"न्हाई, हुजूर," आक्का म्हणाल्या. "सकाळपास्नं तुमच्याच कचेरीत बसलीया."

०

पुढच्या तारखेला मी वरच्या वर्गात गेले होते. मुन्सिफांनी विचारलं, "आता काय?" मी म्हणाले, "पुढची परीक्षा, हुजूर." मंजूर. त्याच्या पुढच्या तारखेला सोयरीकवाले आलेच नाहीत. त्या बिजवरानं दुसरी मुलगी केली होती. वकीलही यायचे बंद झाले. पण तात्या प्रत्येक तारखेला हजर! पाठीवर गाठोडं, गाठोड्यात कधी हुरडा, कधी बोरं. बाकावर बसायचे, फडकं सोडायचे. "खा," एवढंच. एकदा म्हणाले, "सुभे, कंच्या वर्गात हायस गं आता?" मी सांगितलं. त्यांनी बोटं मोजून बघितलं आणि मान हलवली. एवढंच आमचं बोलणं.

अशीच वर्षं गेली. मुन्सिफ बदलले. नंतर तर दिवसच वाईट आले. गावोगाव रझाकारांची भीती, रस्त्यानं एकटंदुकटं जायची सोय नाही, कितीतरी घरं संस्थानाच्या सरहद्दीपलीकडं निघून गेली. आमच्या घरातही पानं कमी झाली. आक्का मात्र हलल्या नाहीत. "शाळा उघडी हाय तवर पोरं हितंच," म्हणाल्या.

त्याच साली माझी मॅट्रिकची परीक्षा आली. आणि गणिताच्या पेपरच्याच दिवशी कचेरीत आमची तारीख! मी पेपरला गेले. आक्का एकट्या कचेरीत गेल्या आणि बाकावर तात्यांशेजारी बसल्या. तिथं काय झालं ते त्यांनी आणि पेशकारांनी मला संध्याकाळी सांगितलं.

नवे मुन्सिफ कडक होते. जुन्या तारखा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी विचारलं, "मुद्दई कौन? दावा कुणाचा?" तात्या उभे राहिले. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. बंदोबस्तामुळं गाड्या बंद होत्या, तर माणूस शेताशेतातून पायी आला होता.

"मुलगी कुठं आहे?" मुन्सिफांनी विचारलं.

आक्का पुढं झाल्या, पण मुन्सिफांनी त्यांना थांबवलं. "तुमचं नातं नाही, तुम्ही बोलायचं नाही." मग तात्यांकडं बघून म्हणाले, "मुलगी गैरहाजर आहे. तुम्ही हजर आहात, आणि चुलते आहात. निकाल आत्ताच तुमच्या बाजूनं लिहितो. मुलगी आजच घेऊन जा. कबूल?"

पेशकारांनी टाक शाईत बुडवला.

तात्यांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"न्हाई, सरकार," ते म्हणाले. "पोरीचा आज गनिताचा पेपर हाय. मोहलत द्या."